डाव्या हाताचा रकाना

२८ एप्रिल, सोमवार

सुमोचं क्रमपत्रक आलं. पूर्व ४.

सकाळी ६:१० ला उघडलं. तिसऱ्या वर्गाची अक्षरं केसाएवढी बारीक असतात, स्क्रीनवर मोठी केली की फुटतात, म्हणून भिंग घेतो. पूर्वेच्या बाजूला चौथं नाव: तेन्जिकुनामी. म्हणजे आमचे चि. सोहम. नाव तालमीच्या मास्तरांनी ठेवलेलं. तेन्जिकु म्हणजे जुन्या जपानीत हिंदुस्थान, नामी म्हणजे लाट. ही एकमेकांत घुसलेली जाड लिपी तिथल्या पुष्कळ लोकांनाही धड वाचता येत नाही. मी वाचतो. कोणी शिकवली नाही.

हिशेब: सात कुस्त्या, चार जिंकल्या की वरच्या वर्गात. जुर्यो. सहा वर्षं झाली या एका शब्दामागे. वर गेला की स्वतःची खोली, रेशमी पट्टा, हाताखाली पोरं. नाहीतर चोवीस वर्षांचा घोडा अजून वीस जणांच्या ओळीत गादी टाकून झोपणार आणि सकाळी मोठ्यांच्या पाठी घासणार.

सौ. ला दाखवलं. "छान," म्हणाली, डब्याला झाकण लावलं, सायकल काढली. वृद्धाश्रमात तिची सातची पाळी.

खरं तर आनंद व्हायला हवा. मार्चच्या सहाव्या कुस्तीत तो पडला आणि उठायला जो वेळ लागला, तो मी अजून मनात मोजतोय.

११ मे, रविवार

स्पर्धा सुरू. पहिली जिंकला. ३.४ सेकंद. डोक्याची धडक, दोन ढकलण्या, समोरचा रिंगणाबाहेर. धडकेचा आवाज फोनवरसुद्धा येतो. ओल्या फळीवर फळी आपटावी तसा.

वही क्र. ९, पान ४१. रकाने नेहमीचे: धडक, पहिला हात, पट्टा, पाय, वेळ, शेवट.

"डोकं आधी" हे माझं. तीन वर्षांपूर्वी त्याच्या तोवरच्या सगळ्या कुस्त्या मांडून बसलो. खांदा आधी घातला की हरतो, डोकं आधी घातलं की जिंकतो. अकरा पानी टिपण पाठवलं. चि. ने ते जपानीत करून मास्तरांना ऐकवलं. मास्तर स्वतः वरच्या वर्गात दहा वर्षं खेळलेला माणूस. त्यांनी विचारलं म्हणे, तुझे वडील कुठल्या तालमीचे पैलवान? हा म्हणाला, पैलवान नाहीत, चिपच्या कारखान्यात व्हॅक्यूम पंप दुरुस्त करतात. तेव्हापासून प्रत्येक कुस्तीनंतर माझं टिपण जातं, चि. ते जपानीत लिहून देतो आणि मास्तर वाचतात. हे मी कुणाला सांगत नाही. इथे लिहितो.

सौ. स्वयंपाकघरातून: "उठला का?"
"अगं, जिंकला."
"ते नाही विचारलं मी."

पहिल्या वर्षी तो रिंगणाच्या चौथऱ्यावरून खाली गेला होता, तेव्हापासून ती बघत नाही. फक्त हे एक विचारते.

१३ मे, मंगळवार

हरला. १–१.

धडक चांगली. मग डावा हात समोरच्याच्या पट्ट्यापर्यंत पोचला, बोटं आत गेली, आणि निसटली. अकरा वेळा पाहिलं. घामाने निसटणारी बोटं आवळलेली असतात. ही आवळलेलीच नव्हती.

टिपणात लिहिलं: "पाय उशिरा." पाय उशिरा होतेच. डाव्या हाताबद्दल लिहिलं नाही. खात्री नसलेलं मी लिहीत नाही.

१४ मे, बुधवार

कामावर लक्ष नव्हतं. हार्मने विचारलं, "काय, तुझा पहाड पडला वाटतं?" हार्म माझ्या शेजारच्या बाकावर चौदा वर्षं आहे, त्याला तोंडावरून कळतं. म्हटलं, एक हरलाय, पाच राहिल्या. म्हणाला, "मग हा चेहरा कशाला? तू तर पंप जळाला तरी शीळ घालतोस."

पंप जळण्याआधी सांगतो. आवाज बदलतो, तेलाचा रंग बदलतो, दाब केसभर हलतो. इंजिनिअर लोक आकडा लाल होईपर्यंत थांबतात. मी बारावी. पण केसभर हललेलं मला दिसतं, म्हणून मला बोलावतात.

संध्याकाळी जानेवारीपासूनच्या सगळ्या कुस्त्या परत काढल्या. वहीत नवीन रकाना आखला: डावा हात.

कुस्तीआधी दोघं उकिडवे बसतात, टाळी वाजवतात, हात दोन्हीकडे पसरून तळवे वर करतात, मग खाली. हातात हत्यार नाही हे दाखवायचं. प्रत्येक कुस्तीला, प्रत्येक जण. दोन-तीन सेकंद. आजपर्यंत हा भाग मी पुढे ढकलत आलो, कारण त्यात बघण्यासारखं काही नसतं.

जानेवारी, सातही: दोन्ही तळवे सपाट, बोटं जुळलेली.
मार्च, पहिल्या सहा: तसंच.
मार्च, सहावी संपताना कपाळावर कपाळ. उठायला ९ सेकंद.
मार्च, सातवी: डावी करंगळी आणि शेजारचं बोट आत वळलेलं.
मे, पहिली: तेच.
मे, दुसरी: तीन बोटं.

वही मिटली. पुन्हा उघडून बघितलं. तीनच.

१६ मे, शुक्रवार

जिंकला. २–१. धडकेला गेलाच नाही, बाजूला सरकला, समोरचा स्वतःच्या जोराने तोंडावर आपटला. प्रेक्षकांतून तो नापसंतीचा उसासा आला. अशा जिंकण्याला मी वहीत लाल खूण करतो, आणि टिपणात दोन ओळी कडक लिहितो. आज दोन्ही केलं नाही. आज मला ते बरं वाटलं. डोकं कशालाच लागलं नाही.

पण उतरताना डावा हात मांडीवर नुसता लोंबत होता. चार सेकंद, मग त्याने तो उजव्या हाताने उचलून पट्ट्यावर ठेवला. कॅमेरा तोवर दुसरीकडे वळत होता. कडेला दिसलं.

मेसेज केला: डावा हात कसा आहे?
उत्तर दोन तासांनी, डचमध्ये: काही नाही. तुम्ही टिपण पाठवा.

१७ मे, शनिवार

युट्रेख्टला कुलकर्ण्यांकडे जेवण. कुलकर्णी दारातच: "या या! आमचं हत्तीचं पिल्लू काय म्हणतंय?" सगळे हसले. एरवी मी धडक, वजन, जमिनीपासूनची उंची यावर वीस मिनिटं बोलतो, आणि लोक ताट घेऊन हळूच खोली बदलतात, मला कळतं ते. आज म्हटलं, बरं आहे. कुलकर्णीबाई सौ. ला म्हणाल्या, "ह्यांची तब्येत बरी आहे ना?"

परतीच्या गाडीत सौ. ने विचारलं, काय झालंय? म्हटलं, आमटी तिखट होती.

१८ मे, रविवार

हरला. २–२. धडकेनंतर डावी बाजू नुसतं दार उघडं. समोरचा सरळ आत आला.

दुपारी १ वाजता फोन लावला, तिथे रात्रीचे आठ, जेवण झालेलं असतं. सौ. पाळीवर. तो डचमध्ये बोलतो, मी मराठीत. इथे सगळं मराठीत उतरवतोय.

म्हटलं, व्हिडिओ लाव. लावला. केस मोकळे, डोळ्याखाली काळं.
"डावा हात दाखव."
"बाबा, मी फोन धरलाय."
"फोन उजव्या हातात आहे. डावा दाखव."
मग दाखवला. म्हटलं, उघड. जेवढा उघडला तेवढा उघडला.
"मुंग्या येतात," म्हणाला. "मार्चपासून. सगळ्यांना होतं. धडक बसली की वीज गेल्यासारखं होतं आणि येतं परत."
"येतंय का परत?"
"यायचं आधी लगेच. आता थोडा वेळ लागतो."
"मास्तरांना?"
"नाही. बाबा, तुम्ही पण नाही. त्यांना कळलं तर ते मला उद्याच बसवतील. बसलं की राहिलेल्या सगळ्या हरलेल्या धरतात. मी खाली जाणार, दहा-पंधरा जागा, मग परत वर यायला एक वर्ष, आणि तोपर्यंत... दोन जिंकायच्या राहिल्यात. दोन."
"मानेचा फोटो काढून घे."
"स्पर्धा झाली की काढतो. प्रॉमिस."
मी काही बोललो नाही. तो म्हणाला, "तुम्हाला माहितीये ना हे चालतं. तुमचंच तर करतोय मी. डोकं आधी."

दोष देऊन नाही म्हणाला. प्रेमाने म्हणाला. तेच जास्त लागलं.

टिपण पाठवलं: "उजवा पाय अर्धी वीत पुढे." डाव्याबद्दल अक्षर नाही. त्याने सांगितलं म्हणून.

१९ मे, सोमवार

हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे गेलो. वेळ माझ्या नावावर घेतली, दहा मिनिटं. डॉक्टर तिशीतली बाई. नेहमी दोन पॅरासिटामॉल सांगते आणि दार दाखवते.

"सांगा, मेनेर, काय होतंय?"
मी फोन पुढे केला.
"हा कोण?"
"मुलगा."
"मग त्याने यायला हवं."
"तोक्योला असतो."
"मग तिथल्या डॉक्टरकडे."
"जात नाही."
"मेनेर, व्हिडिओवरून मी निदान करत नाही."
"निदान नकोच. फक्त बोटं बघा. सहा तुकडे आहेत, प्रत्येकी तीन सेकंद, तारखेनुसार लावलेत."

नाइलाजाने बघायला लागली. तिसऱ्या तुकड्याला खुर्ची पुढे ओढली. सहावा झाल्यावर म्हणाली, परत लावा. मग विचारलं, वजन किती, समोरच्याचं किती, डोकं कुठे आपटतं, पायात कधी मुंग्या आल्या का. पायाचं मी विचारलंच नव्हतं. एवढे रकाने, आणि हा नाही.

"मी काहीही सांगितलेलं नाही, हे लक्षात ठेवा," म्हणाली. "पण तो माझा पेशंट असता, तर स्कॅन होईपर्यंत मी त्याला सायकलसुद्धा चालवू दिली नसती."

विचारलं, वाईटात वाईट काय?
"ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून तर तुम्ही इथे आलात."

बाहेर सायकल स्टँडपाशी उभा राहून हे शब्द जसेच्या तसे उतरवले. कुलूप उघडेना. किल्ली घराची होती.

२० मे, मंगळवार

जिंकला. ३–२. ११ सेकंद. एका हाताने. उजव्या हाताने पट्टा धरून, फिरवून. सुंदर कुस्ती, खरं सांगायचं तर. आखाड्यातले लोक टाळ्या वाजवत होते. मी उभा राहिलो होतो ते मला नंतर कळलं, खुर्ची मागे पडली होती.

एक राहिली जिंकायची. दोन संधी.

तळवे: चार बोटं. आता अंगठाच तेवढा सरळ.

पायांचं विचारायला मेसेज केला. उत्तर नाही.

२१ मे, बुधवार

सुट्टी टाकली. मास्तरीणबाईंना पत्र लिहायला बसलो. मास्तरांची बायको, तालमीतलं जेवण, दवाखाना, पोरांचे आईबाप, सगळं तीच बघते. दरवर्षी तिचं नवीन वर्षाचं कार्ड येतं.

माझं जपानी मी कुस्त्या बघून आणि क्रमपत्रकं वाचून शिकलो. माणसाला पाडण्याचे ब्याऐंशी प्रकार मला नावानिशी येतात. "मला भीती वाटते" येत नाही. कोशात भीतीला चार शब्द निघाले. त्यातला कोणता शब्द बाप माणूस परक्या बाईला लिहितो, हे कोशात नाही.

चार वाजेपर्यंत सहा ओळी. परत वाचल्या. त्यात लिहिलं होतं की मुलाचा हात लुळा पडतोय, मला आठवडाभर माहीत आहे, आणि या आठवड्यात मी तुम्हाला उजव्या पायाबद्दल लिहीत होतो.

पाठवलं नाही. त्याला वचन दिलंय असं स्वतःला सांगितलं. वचन मी दिलेलंच नाही, रविवारचं पान वर आहे, मी गप्प बसलो होतो. मग न पाठवण्याचं कारण काय? मास्तर माझी टिपणं वाचतात, हे. ते थांबेल, हे.

लिहिलं. खोडत नाही.

२२ मे, गुरुवार

हरला. ३–३.

सौ. ची आज दुपारची पाळी होती. माझ्या लक्षात नव्हतं. मागे येऊन उभी राहिली, मला कळलं नाही. पाच वर्षांत पहिल्यांदा.

धडक. कपाळावर कपाळ. तो बसला. पडला नाही, बसला, कुणीतरी खालून दोर सोडावा तसा. मग आडवा. समोरच्याने हात पुढे केला. पंच वाकून काहीतरी बोलला. १४ सेकंद. उठला, वाकून नमस्कार केला, स्वतःच्या पायांनी गेला. चौथरा उतरताना डावा पाय आधी चाचपला, पाण्यात उतरताना चाचपतात तसा.

"हे असं कधीपासून?" मागून.

सगळं सांगितलं. मार्च, बोटं, फोन, डॉक्टर, सायकल. वही दाखवली. तिने ती रकान्याची पानं वाचली, एकेक ओळ, बोट लावून. मला वाटलं रडेल.

"नऊ दिवस," म्हणाली. "नऊ दिवस तुम्ही हे वहीत लिहीत बसलात."
"अगं, त्याचं वय चोवीस आहे. त्याने मला सांगितलं की..."
"तो उद्या म्हणाला मला छपरावरून उडी मारायची आहे, तर तुम्ही उंची मोजाल का?"
"एक कुस्ती राहिली आहे. एक जिंकला की तो..."
"काय? खोली मिळेल? त्या खोलीत त्याला उचलून कोण ठेवणार, मला सांगा. माझ्याकडे पाच जण आहेत आश्रमात, मानेखाली काही नाही. मी रोज त्यांची कूस बदलते. तुम्ही बघितलंय का कधी? तुम्हाला सगळं मोजता येतं ना."

मी म्हटलं, कळवलं तर तो आयुष्यात माझ्याशी बोलणार नाही.
"न बोलू दे. बोलायला राहू दे."

पाळीला गेली. मी चहाचं भांडं धुतलं, तीनदा. टिपण पाठवलं नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा नाही पाठवलं.

२३ मे, शुक्रवार

उद्याच्या जोड्या लागल्या. चि. ची सातवी उद्या, आणि वरच्या वर्गातल्या पैलवानाशी. म्हणजे उद्या एका दिवसापुरते त्याचे केस वरच्यांसारखे पानाच्या आकारात बांधतील. याची मी किती वाट बघितली. समोरचा १७८ किलो, आणि त्याची माझ्याकडे स्वतंत्र फाइल आहे: फक्त डोक्याने येतो.

सकाळी १०:०५, जिन्यात उभा राहून तालमीत फोन लावला. मास्तरीणबाईंनीच घेतला. नाव सांगताच आवाज मऊ झाला. काय बोललो ते आठवेल तसं:

म्हटलं, माझ्या मुलाचा डावा हात मेला आहे. (लुळा हा शब्द ऐनवेळी आठवला नाही.)
"मास्तरांनी गेल्या आठवड्यात विचारलं होतं त्याला," ती सावकाश, सोप्या शब्दांत, मला कळावं म्हणून. "तो म्हणाला, वडील सगळ्या कुस्त्या बघतात, काही असतं तर त्यांनी लिहिलं असतं."
मी जिन्याचा कठडा धरला.
"तुमचे कागद मास्तर पेटीत ठेवतात," ती म्हणाली. "त्यांनी सगळे परत काढून बघितले. पाय लिहिलाय, पाय लिहिलाय, पाय लिहिलाय. हात कुठेच नाही. मास्तर म्हणाले, मग ठीक असेल. या माणसाच्या नजरेतून काही सुटत नाही."

मी म्हटलं, सुटलं नव्हतं. मी पाहिलं आणि लिहिलं नाही. हे वाक्य मला जपानीत बरोबर आलं. कसं आलं माहीत नाही.

मग: डोकं नको. उद्या नको. फोटो. मान. कृपा करून.

ती म्हणाली, मास्तर आखाड्यावर आहेत, आल्यावर सांगते. जोडी छापून गेली आहे, आता बसवायचं तर डॉक्टरचा कागद लागेल. आणि शेवटी तोही मोठा आहे, त्याचंही ऐकावं लागेल. मग विचारलं, "तुम्ही जेवलात का?" दहा वाजता. म्हटलं, हो.

हार्म जिन्यात आला. मी पायरीवर बसलो होतो. शेजारी बसला. म्हणाला, "दार बंद करून घेऊ का?" म्हटलं, घे.

१:२०. चि. चा मेसेज. मराठीत. इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत. आठवीत असल्यापासून याने मला मराठीत एक ओळ लिहिलेली नाही.
"बाबा तुम्ही काय केलं."
पुढे प्रश्नचिन्ह नाही.

चार उत्तरं लिहिली, चारही पुसली. मग लिहिलं: पायात मुंग्या येतात का? दोन टिकल्या निळ्या झाल्या. उत्तर नाही.

सौ. ला सांगितलं. ती जवळ येऊन बसली. जेवायला वरण-भात केला, दोघांनीही ताटात फिरवला.

२४ मे, शनिवार

५:४०. उठलो. झोप झाली असं म्हणता येणार नाही. मास्तरीणबाईंचा मेसेज पडलेला, तिथल्या सकाळी नऊचा: मास्तर आणि तो सहा वाजताच हॉस्पिटलला गेले आहेत. अजून आत आहेत. तिथे आता पावणेएक वाजला असेल. त्यानंतर काही नाही.

५:५५. जोड्यांची यादी बघितली. नाव तसंच आहे. समोर १७८ किलो. कुस्ती आपल्या ७:३५ च्या सुमारास.

यादी उशिरा बदलते, कधीकधी बदलतच नाही. मग समोरचा एकटाच वर चढतो आणि कापडी फलक धरून दाखवतात की विनाकुस्ती जिंकला. हे मी पुष्कळदा पाहिलंय. फलकाची लांबी-रुंदीसुद्धा मला माहीत आहे.

६:३०. नाव तसंच.

फोटोत काही निघालं नसेल, आणि तो हॉस्पिटलातून सरळ आखाड्यावर गेला असेल. चि. असंच करेल. मास्तर नाही म्हणाले तरी? मास्तर काय म्हणाले असतील? की म्हणाले असतील, बापच घाबरट आहे, जा तू.
किंवा फोटोत निघालं असेल.
दोन्हीची भीती वाटते. आज सकाळी कोणती जास्त ते सांगता येत नाही, आणि मला सांगता न येणाऱ्या गोष्टी फार कमी असतात.

६:५०. सौ. उठली. आज सुट्टी घेतली आहे, मला सांगितलं नव्हतं. चहा ठेवला. प्रक्षेपण लावलं. आवाज बंद कर म्हणाली, केला.

७:१८. तिसऱ्या वर्गाच्या शेवटच्या कुस्त्या. रिंगण झाडतायत. पैलवान आपल्या कुस्तीच्या दोन जोड्या आधी येऊन चौथऱ्याशी बसतो. अजून दोन जोड्या व्हायच्या. पूर्वेची जागा कॅमेऱ्यात येत नाही, खांब आड येतो. थोडा डावीकडे घ्या रे. थोडासा.

७:२४. पश्चिमेकडून तो १७८ किलोचा आला, बसला. हिरवा पट्टा. मान दोन्हीकडे मोडली. पूर्वेचं दिसत नाही.

७:२७. फोन वाजतोय. चि.

आखाड्यात पैलवानांना फोन जवळ ठेवू देत नाहीत. म्हणजे तो तिथे नाही. किंवा फोन दुसऱ्या कुणाच्या हातात आहे.

माझा हात पुढे गेला नाही. सौ. ने उचलला.

७:३३. ती ऐकतेय. "हं." मग बराच वेळ काही नाही. "हो बाळा." मी खुणेने विचारलं, काय? तिने हात वर करून थांबवलं. तिच्या चेहऱ्यावर मला काही वाचता येत नाही. लिहीत बसलोय, कारण हात कुठे ठेवू कळत नाही.

स्क्रीनवर फलक निघाला. विनाकुस्ती. समोरचा वाकून उतरला. ३–४. सहा वर्षं. मी ते पाहिलं, आणि सौ. ने पाहिलंसुद्धा नाही.

७:४१. "आत परत घेणार आहेत, दुसरं यंत्र आहे म्हणे," ती मला, फोनवर हात ठेवून. "पहिल्याने त्यांचं समाधान झालं नाही. मोठा डॉक्टर येतोय. हा बाहेर बाकावर आहे, गळ्याला पट्टा घालून."
"पाय?"
"विचारलं. सांगत नाही."
"मला दे."
तिने फोन परत कानाला लावला, विचारलं, ऐकलं. मग मला म्हणाली, "तुमच्याशी बोलायचं नाही म्हणतोय." फोन टेबलावर ठेवला. "पण फोन ठेवू नका म्हणतोय."

८:०५. फोन टेबलावर, चालू, मध्ये. ती एका बाजूला, मी एका बाजूला. तिकडे लांबलचक कॉरिडॉर असावा, चपला येतात आणि जातात. त्याचा श्वास ऐकू येतो, जवळचा, जाड. मधून मधून कुणीतरी एकेक नाव पुकारतं. मी प्रत्येक नाव ऐकतोय. अजून त्याचं नाही.